हनन्याचे दान

उपवासकाळातील एका शुक्रवारी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात रक्तदान शिबिर भरले होते. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून लोक थेट सभागृहात येत होते. पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ रक्त देऊन खाटेवरून उठले, दोन पावले चालले आणि कोसळले. डॉक्टरांनी पाय उंच करून त्यांना निजवले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, आणि मग कळले की सकाळपासून त्यांच्या पोटात घोटभर पाण्याखेरीज काही गेलेले नव्हते. रक्तदाता उपाशी नसावा, आधीच्या चार तासांत त्याने काही खाल्लेले असावे, असा नियम आहे. अर्जावरील त्या प्रश्नापुढे त्यांनी 'होय' अशी खूण केली होती. आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "फादर, उपास आहे म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी मला परत पाठवलं असतं. देवाच्या कामात एवढं खोटं चालतं."

भोवती जमलेल्यांच्या डोळ्यांत कौतुक होते. आमच्याही होते. पुढच्या रविवारी प्रवचनात आम्ही त्या गृहस्थांचा, नाव न घेता, त्यागाचे उदाहरण म्हणून उल्लेख केला. हा लेख लिहिताना प्रथम त्या प्रवचनाबद्दल क्षमा मागणे आम्हाला भाग आहे. कारण त्या रविवारी आम्ही आमच्या लोकांना असे शिकवले, की रक्तदानाच्या अर्जावर खोटे लिहिणे हे पाप नाही. झालेच तर ते पुण्य आहे. समोरच्या बाकांवर तरुण बसले होते, आणि तरुण माणसे प्रवचन ऐकत नाहीत हा आमचा समज किती चुकीचा आहे, हे आम्हाला पुढे वर्षभराने कळले.

ते सांगण्यापूर्वी त्या अर्जाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण रक्त देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो सही करण्यापुरताच पाहिलेला असतो. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन किमान साडेबारा. येथवर वजनकाटा आणि बोटाच्या टोकाचा थेंब यांवर काम भागते. पुष्कळ शिबिरांतून आजही मोरचुदाच्या निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब सोडतात. तो तळाला गेला तर दाता योग्य, तरंगला तर अयोग्य. पण त्यापुढचे प्रश्न असे आहेत, की त्यांची उत्तरे जगातील कोणत्याही द्रावणात तळाला जात नाहीत. कावीळ झाली होती काय? वर्षभरात विषमज्वर, तीन महिन्यांत हिवताप? गोंदवून घेतले आहे काय? कोणती औषधे चालू आहेत? गेल्या काही महिन्यांत शरीरसंबंधातून संसर्गाचा धोका संभवेल असे काही घडले आहे काय? हे जाणणारा मनुष्य एकच, आणि तो टेबलाच्या अलीकडे बसलेला असतो.

यावर आमचे सुशिक्षित बांधव एक उत्तर हमखास देतात. रक्तपेढी सगळे तपासूनच रक्त देते, मग या चौकशीचे प्रयोजन काय? हे उत्तर अर्धे खरे आहे आणि म्हणूनच घातक आहे. आपल्याकडे प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, उपदंश आणि हिवताप या पाचांसाठी तपासणी सक्तीची आहे. परंतु विषाणू शरीरात शिरला त्याच दिवशी तो चाचणीला सापडत नाही. मधला काही काळ, काही दिवसांचा असो वा काही आठवड्यांचा, असा जातो की रक्तात संसर्ग असतो आणि अहवालावर मात्र तो नसतो. या काळाला वैद्यक 'विंडो पीरियड' म्हणते. अधिक सूक्ष्म अशी 'नॅट' नावाची चाचणी निघाल्यापासून तो बराच आखडला आहे, पण ती सर्वच रक्तपेढ्यांत होत नाही, आणि जेथे होते तेथेही तो काळ शून्यावर आलेला नाही. त्या फटीत रुग्णाच्या रक्षणाला दात्याच्या जिभेवाचून दुसरे काहीही नाही.

शिवाय पाच रोग म्हणजे सारे रोग नव्हेत. तोंडावरच्या पुटकुळ्यांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणारा वीस वर्षांचा मुलगा स्वतःला ठणठणीत समजतो, आणि तसा तो असतोही. परंतु त्या गोळ्यांचा अंश असलेले रक्त गरोदर स्त्रीला दिले गेले तर गर्भात व्यंग उद्भवण्याचे भय असते. म्हणून शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबायला सांगतात. डोके दुखते म्हणून काल घेतलेली अॅस्पिरिनची गोळी प्लेटलेट्सना निकामी करते. या गोळ्या कोणतीही रक्तपेढी तपासत नाही. आणि एका पिशवीचे आता एकच रुग्ण असे गणित राहिलेले नाही. तांबड्या पेशी, प्लेटलेट्स व प्लाझ्मा वेगळे करून ते तिघांना देता येतात. प्लेटलेट्सचे आयुष्य पाच दिवसांचे. मागाहून पश्चात्ताप होणाऱ्यासाठी पाच दिवस म्हणजे काहीच नव्हे.

आता तो तरुण. त्या वर्षीचे शिबिर रविवारी होते आणि ध्वनिक्षेपक आमच्या हातात होता. मागच्या बाकावर चारपाच मुले बसलेली पाहून आम्ही म्हणालो, "तिकडच्या पहिलवानांना सुईची भीती वाटते की काय?" सभागृह हसले. मुले उठली. अर्ज भरण्याच्या टेबलावर आमच्याच धर्मग्रामातील स्वयंसेविका होत्या. त्यांतल्या एकीने या मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले होते. बाई मनाने निर्मळ. त्या प्रत्येकाचे नाव, पत्ता, वय विचारीत आणि खालच्या साऱ्या प्रश्नांपुढे स्वतःच 'नाही', 'नाही' अशा खुणा करून कागद पुढे सरकवीत. आपल्या मुलांना असले प्रश्न काय विचारायचे, अशी त्यांची भावना होती. तो तरुण क्षणभर थांबला, बाईंकडे पाहिले, आणि सही करून खाटेवर जाऊन झोपला.

सोमवारी रात्री तो सेक्रिस्तीच्या दारात येऊन उभा राहिला. हे पापनिवेदन नव्हते, हे येथेच स्पष्ट करतो. त्याने ते उभ्याउभ्याने सांगितले आणि त्याच्या अनुमतीने आम्ही इतके लिहीत आहोत. त्याने काय सांगितले याचा तपशील वाचकांना आवश्यक नाही. महिन्याभरापूर्वी घडलेल्या एका गोष्टीमुळे त्याने रक्त देणे योग्य नव्हते, आणि ते त्याला ठाऊक होते. आम्ही विचारले, "मग बाळा, उठलास कशाला?" तो म्हणाला, "तुम्ही बोलावलंत, फादर." थोड्या वेळाने म्हणाला, "आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, देवाच्या कामात एवढं चालतं."

आम्ही ते वाक्य उच्चारले नव्हते. परंतु त्या वाक्याच्या धन्याची प्रवचनात स्तुती केली होती, आणि ऐकणाऱ्याने दोहोंत फरक केला नाही, यात त्याचा दोष नाही. त्याच्या दातापत्रावर पिशवीचा क्रमांक होता. आम्ही त्याच्यासमोरच रक्तपेढीला दूरध्वनी केला. पिशवी अजून बाहेर गेलेली नव्हती; ती बाजूला काढण्यात आली. पलीकडच्या गृहस्थांनी कारण विचारले नाही, नाव विचारले नाही, कळवलेत ते बरे केलेत इतकेच म्हणाले. त्या तरुणाच्या स्वतःच्या तपासणीत पुढे काय निष्पन्न झाले, ते सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

या प्रसंगानंतर आम्ही शेजारच्या धर्मग्रामांतील धर्मबंधूंच्या एका बैठकीत हा विषय काढला. चर्चा झाली आणि ती सुखाची झाली नाही. एक ज्येष्ठ धर्मबंधू म्हणाले, "चर्चच्या आवारात शरीरसंबंधाचे प्रश्न विचारणे हा श्रद्धावंतांचा अपमान आहे. आपले लोक तसले नाहीत." दुसऱ्यांनी सांगितले की मे महिन्यात रक्ताचा तुटवडा असतो, अशा वेळी लोकांना बुजवू नये. त्यांच्या ज्येष्ठतेचा आदर राखूनच आम्ही हा लेख लिहीत आहोत, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

'आपले लोक तसले नाहीत.' आम्ही गेली कित्येक वर्षे पापनिवेदन ऐकत आहोत. याहून अधिक काही बोलण्याची आम्हाला मुभा नाही आणि ज्येष्ठ धर्मबंधूंनाही नाही. परंतु तीस वर्षे जाळीमागे बसलेल्या माणसाने हे वाक्य कसे उच्चारावे, हे आम्हाला उमगत नाही. खरे तर याच वाक्यात सारा धोका आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी काही समूहांनाच, उदाहरणार्थ तृतीयपंथी व्यक्तींना, रक्तदानातून सरसकट वगळले. त्याविरुद्ध २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. त्याच वर्षी इंग्लंडने मात्र माणूस कोणत्या समूहाचा हे विचारण्याऐवजी अलीकडच्या काळात प्रत्यक्ष काय घडले हेच प्रत्येकाला विचारायचे ठरवले. आमचा कल कोणीकडे आहे हे आम्ही लपवीत नाही. समूहाकडे बोट दाखवले की सोन्याची साखळी घातलेल्या विवाहित, प्रतिष्ठित गृहस्थाला वाटते, हा प्रश्न आपल्यासाठी नव्हेच. विषाणू लग्नपत्रिका पाहत नाही.

आता नीतिशास्त्राकडे वळू. सेमिनरीत आम्हाला मनात काही राखून बोलण्याचा विषय शिकवला गेला होता. 'आजार नाही' असे मोठ्याने म्हणावे आणि 'आज नाही' असे मनात जोडावे, म्हणजे असत्य घडले नाही, अशी एक युक्ती जुन्या काळी काही पंडितांनी काढली होती. परमगुरू अकरावे इनोसंट यांनी १६७९ मध्येच तिचा धिक्कार केला. रक्तदानाच्या टेबलावर ही युक्ती आजही जिवंत आहे. तिचे समर्थन करताना दाता म्हणतो, मी तर देतो आहे, घेत नाही. देणाऱ्याने कोणाचे काय बिघडवले?

याचे उत्तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. हनन्या व सप्पीरा या दांपत्याने जमीन विकली, किमतीतला काही भाग ठेवून घेतला आणि उरलेला हा सगळाच आहे असे भासवून प्रेषितांच्या चरणी ठेवला. या कथेवर आम्ही लोभाविषयी पुष्कळ बोलतो. पण पेत्राचा आरोप लोभाचा नाही. जमीन तुझी होती, विकल्यावर पैसा तुझा होता, कोणी मागितला नव्हता, असे तो स्पष्ट करतो. हनन्याने काहीच दिले नसते तरी चालले असते. अर्धे देऊन अर्धे दिले असे सांगितले असते तरीही चालले असते. त्याला मृत्यू आला तो दानात मिसळलेल्या असत्यामुळे. आणि अलीकडे आम्ही हा अध्याय वाचतो तेव्हा त्याच्या अगोदरची ओळ आम्हाला अधिक बोलकी वाटते. तेथे बर्णबाने आपले शेत विकून सगळी रक्कम आणून दिल्याचे सांगितले आहे. सर्वांसमक्ष दिली, सर्वांनी पाहिली. हनन्याने बर्णबाकडे वळलेले चेहरे पाहिले असतील. त्याच्या खोट्याचा जन्म तेथे झाला असावा, असे आमचे मत आहे. आमच्या सभागृहातील टाळ्या, ध्वनिक्षेपकावरून पुकारली जाणारी नावे, 'गेल्या वर्षीचा आकडा ओलांडायला आता फक्त नऊ' अशी आरोळी, शेजारच्या धर्मग्रामाशी चाललेली चढाओढ, हे सारे काय आहे?

पैशाच्या बाबतीत ही गोष्ट देशाला कळून चुकली आहे. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल देऊन धंदेवाईक रक्तदात्यांची प्रथा दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले आणि १९९८ च्या प्रारंभापासून ती बंद झाली. त्यामागील विचार ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्येच आपल्या 'द गिफ्ट रिलेशनशिप' या ग्रंथात मांडला होता. रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपवण्याचे कारण असते. दान करणाऱ्याला नसते. म्हणजे दानाचे रक्त सुरक्षित ते केवळ पुण्याईने नव्हे, तर दात्याला खरे बोलणे परवडते म्हणून. मग जेथे आम्ही दात्याला खरे बोलणे परवडू देत नाही, तेथे ते दान उरले काय? रुपये गेले, त्यांच्या जागी जेवणाचा डबा, छत्री, प्रवासी बॅग आणि लोकांसमोरची अब्रू आली. अब्रूची किंमत रुपयांहून मोठी आहे, म्हणून तिच्यासाठीचे खोटेही मोठे असते. इस्पितळात नातेवाईकांना 'बदली रक्त आणा' म्हणून पिटाळतात तेथेही हेच. सासरे शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणि दारात उभा असलेला जावई सर्वांदेखत 'माझे रक्त चालणार नाही' असे कसे म्हणणार?

तमिळनाडूतील सात्तूरची घटना पुष्कळांच्या विस्मृतीत गेली असेल. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे एका गरोदर स्त्रीला सरकारी इस्पितळात रक्त देण्यात आले आणि तिला एचआयव्हीचा संसर्ग झाला. रक्त देणारा मुलगा अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याने ते नात्यातल्या एका गरोदर स्त्रीसाठी म्हणून दिले होते. त्यापूर्वी २०१६ मध्येही त्याने एका शिबिरात रक्त दिले होते. त्या रक्तात दोष आढळला होता, पण ते त्याला कोणी कळवले नव्हते. २०१८ मध्ये दिलेले रक्त तपासणीतून निर्दोष म्हणून पुढे गेले. ज्यांचा सारा भरवसा चाचणीवर आहे, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. पुढे परदेशी नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी केली तेव्हा त्याला आपला आजार समजला. आणि समजताच तो स्वतः होऊन रक्तपेढीला सांगायला गेला. कोणी विचारले नव्हते, कोणी पकडले नव्हते. तोवर रक्त दिले गेले होते. बातमी सर्वत्र झाली. त्या मुलाने आपले जीवन संपवण्याचा प्रयत्न केला आणि ३० डिसेंबर २०१८ रोजी तो मरण पावला.

या साऱ्या प्रकरणात ज्याने सत्य सांगितले असा तो एकटा होता. तू योग्य केलेस, असे त्याला त्या दिवसांत कोणी म्हटले की नाही, आम्हाला ठाऊक नाही. आमच्या धर्मग्रामात तो असता तर कोणी म्हटले असते काय, एवढेच आम्ही स्वतःला विचारतो, आणि उत्तर देण्याचे धैर्य होत नाही. रक्तदात्यांनो, खरे बोला, असा उपदेश करून मोकळे होणे सोपे आहे. त्यासाठी भित्तिपत्रकेही मिळतात. पण खरे बोलणाऱ्याला उभे राहायला आम्ही जागा कोठे ठेवली आहे?

ख्रिस्तसभेला तरी ही विद्या नवी नाही. पापनिवेदनाचे गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये कडक शिक्षा ठरवली. सोळाव्या शतकात मिलानचे महागुरू संत चार्ल्स बोरोमिओ यांनी पापनिवेदकाच्या आणि धर्मगुरूच्या मध्ये जाळी असावी असा आग्रह धरला. माणूस सत्य बोलावा असे वाटत असेल तर त्याचा चेहरा झाकण्याची सोय आधी करावी लागते, हे आमच्या पूर्वजांना समजले होते. आणि त्यांचे वारस असलेले आम्ही सभागृहाच्या मधोमध प्लास्टिकचे टेबल मांडतो, त्यावर त्याच्या धर्मशिक्षिकेला बसवतो, रांगेत मागे त्याची होणारी सासू उभी असते, आणि त्याला विचारतो, गेल्या वर्षभरात काय काय केलेस?

तुटवड्याचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागते, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत महाविद्यालयांची शिबिरे बंद असतात. पण ही मुले आयुष्यभर परक्याचे रक्त घेतात, म्हणूनच एका खोट्या खुणेचा सर्वाधिक धोका त्यांनाच आहे. आणि आज परत पाठवलेला मनुष्य कायमचा गेलेला नसतो. हिवतापवाला तीन महिन्यांनी येऊ शकतो, गोंदवलेला वर्षाने. सन्मानाने परत पाठवला तर तो येतो. पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्री दर चार महिन्यांनी. वर्षातून एकदा पुकारा करून गोळा केलेल्या गर्दीपेक्षा असे चार जण रक्तपेढीला अधिक उपयोगी पडतात, हे रक्तपेढीवालेच सांगतील.

यंदाचे शिबिर आम्ही निराळ्या रीतीने घेतले. युवक मंडळाशी त्यावरून खटका उडाला, तो अद्याप पुरता मिटलेला नाही. अर्ज भरण्याचे टेबल धर्मशिक्षणाच्या खोलीत, दार लोटून. तेथे रक्तपेढीचा समुपदेशक, धर्मग्रामातील कोणीही नाही. ध्वनिक्षेपक नाही. भेटवस्तू नाही. ज्याने रक्त दिले त्याला आणि ज्याला परत पाठवले त्याला त्याच दाराने बाहेर काढून तोच चहा, तीच बिस्किटे, जेणेकरून कोण कोणता हे पाहणाऱ्याला कळू नये. नंतर मन बदलले तर कळवण्यासाठी रक्तपेढीचा क्रमांक प्रत्येकाच्या हाती. शिबिर शुक्रवारी नव्हे, रविवारी, न्याहारीनंतर. पूर्वी कोसळलेले ते गृहस्थ आले होते. खोलीतून बाहेर आल्यावर आमच्याजवळ येऊन थोडे रागानेच म्हणाले, "फादर, रक्तदाबाची गोळी बदलली आहे म्हणून सांगितलं, तर त्यांनी नाही म्हटलं." आम्ही त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला, पण आमच्याशी बोलले नाहीत.

पिशव्या गेल्या वर्षीपेक्षा कमी जमल्या. धर्मप्रांताकडे पाठवायच्या वार्षिक अहवालात 'रक्तदान शिबिर : एकूण पिशव्या' असा एक रकाना असतो. तो आम्ही या वर्षी कोरा ठेवला आहे. विचारणा झाली, तर हाच लेख जोडून पाठवू.